बाळ, माळ, पाळ, भाळ

शाळेत श्रवणदोषावर पाठ घ्यायचा ठरला की सगळ्यात आधी कापूस आणला जातो. प्रत्येक मुलाला दोन बोळे वाटायचे, ते कानात घालायला सांगायचे, मग शिक्षक हळू आवाजात काहीतरी बोलणार, मुलं "काय? काय?" करणार, वर्गात खसखस पिकणार आणि शेवटी फळ्यावर वाक्य येणार : ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्याशी मोठ्याने बोलावे. हेतू चांगला असतो, साहित्य स्वस्त असतं, मुलांनाही मजा येते. पण घरी जाताना मूल जी समजूत घेऊन जातं ती चुकीची असते, आणि त्या समजुतीचा त्रास वर्गातल्या, घरातल्या कमी ऐकू येणाऱ्या माणसाला पुढे वर्षानुवर्षं होतो.

कापूस सांगतो की ऐकू न येणं म्हणजे आवाज लहान होणं. काही जणांच्या बाबतीत ते खरंही आहे. कानात मळ घट्ट बसलाय, सर्दीमुळे पडद्यामागे पाणी साचलंय, पडद्याला भोक पडलंय, अशा वेळी आवाज आतपर्यंत पोचायची वाट अडते. अंतर्कर्ण ठणठणीत असतो, त्याच्यापर्यंत येतं ते कमी येतं. यातले बरेच दोष औषधाने किंवा शस्त्रक्रियेने बरे होतात. पण वयामुळे, गोंगाटामुळे, जन्मतः किंवा काही औषधांमुळे येणारा दोष बहुतेक वेळा आतल्या कानाचा असतो. तिथे आवाज नुसता लहान होत नाही, तो अर्धवट होतो. काही भाग येतो, काही येतच नाही. पाठ कुठलाही घ्या, कृती कुठल्याही करा, पण हा 'लहान' आणि 'अर्धवट' यातला फरक मुलांच्या कानांनी अनुभवायला हवा.

वाट अडल्याने येणारा दोष दाखवायला कापूस लागतच नाही. मुलांना तोंड मिटून एका सुरात "हंऽऽ" असं गुणगुणायला सांगा आणि गुणगुणताना एका कानात बोट घालून बंद करायला सांगा. बंद केलेल्या कानात आवाज एकदम मोठा होतो. मुलं चक्रावतात, कारण कान बंद केला की कमी ऐकू यायला हवं. हा आवाज हवेतून नाही, कवटीच्या हाडांतून थेट अंतर्कर्णात पोचतो आणि कानाच्या नळीचं तोंड बंद असल्याने बाहेर निसटत नाही. प्रयोगशाळेत नादकाट्यांचा (ट्यूनिंग फोर्कचा) संच असेल तर 512 हर्ट्झचा काटा घ्या. टेबलाच्या कडेवर आपटू नका, त्याने नको ते वरचे सूर निघतात आणि काटाही खराब होतो. रबरी चपलेच्या तळव्यावर किंवा स्वतःच्या गुडघ्यावर आपटा, आणि दांडा कपाळाच्या मधोमध घट्ट टेकवा. हलका टेकवला तर काहीच ऐकू येत नाही आणि प्रयोग फसला असं वाटतं. दोन्ही कान उघडे असताना आवाज डोक्याच्या मध्यात वाटतो, एक कान बोटाने बंद केला की तो त्या बाजूला सरकतो. 256 चा काटा यासाठी नको, त्याची थरथर कातडीला जाणवते आणि मूल 'जाणवलं' आणि 'ऐकलं' यात गल्लत करतं. कानाचे डॉक्टर आजही हीच तपासणी करतात. वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने तिचं वर्णन 1834 मध्ये केलं होतं. दोष वाटेत आहे की आत, हे नुसत्या एका काट्याने बऱ्यापैकी कळतं, ही गोष्ट आठवी-नववीच्या मुलांना फार आवडते.

आता आतला कान. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही हाडं मुलांना पाठ असतात, कारण ती परीक्षेत येतात. खरं काम जिथे होतं त्या कॉक्लियावर मात्र पुस्तकं दोन ओळींत उरकतात. मुलांना वहीत 35 मिलिमीटरची रेघ मारायला सांगा. गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढे वळलेली ती नळी सरळ केली तर साधारण एवढीच भरते. या रेघेवर केसासारखे तंतू असलेल्या पेशींच्या रांगा असतात, आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला तीन. आतल्या रांगेत सुमारे 3,500 पेशी, बाहेरच्या तिन्ही मिळून सुमारे 12,000. रेघेच्या सुरुवातीच्या टोकाला उंच सूर टिपले जातात, आतल्या टोकाला खालचे. एका कानाची आयुष्यभराची पुंजी एवढीच. माणसात या पेशी मेल्या की नव्या येत नाहीत. कोंबडीत येतात, माणसात नाही.

याचं मॉडेल करायला इंटरनेटवर सगळीकडे पाईप क्लीनर, म्हणजे मऊ धागे गुंडाळलेल्या लवचिक तारा, सुचवलेले दिसतात. मातीत किंवा थर्माकोलमध्ये उभे रोवायचे, हळू हात फिरवला की हळू आवाज, तळहाताने दाबलं की मोठा आवाज, तारा वाकतात. अडचण अशी की मूल लगेच वाकलेली तार बोटांनी सरळ करतं आणि म्हणतं, "झालं नीट!" म्हणून ताटात कणीक थापून तिच्या अर्ध्या भागात पाईप क्लीनर आणि अर्ध्या भागात जाड कच्च्या शेवया लावाव्यात. कणीक पुरीसाठी भिजवतो तशी घट्ट हवी, थर दोन सेंटिमीटरचा. सैल कणकेत शेवया आपोआप कलतात. पाच-पाच सेंटिमीटरचे तुकडे, एक रांग वेगळी आणि तीन रांगा जवळजवळ. वर्ग सुरू होईपर्यंत ओलं फडकं कडेने झाकून ठेवा, पण शेवयांना पाणी लागू देऊ नका. पावसाळ्यात शेवया दमट होऊन मोडण्याऐवजी लवतात आणि सगळा मुद्दाच हरवतो, म्हणून आयत्या वेळी घट्ट डब्यातून काढा.

मग आधी मऊ ब्रश फिरवायचा. काहीच बिघडत नाही. नंतर तळहात एकदा. पाईप क्लीनर वाकतात, थोडे सरळ करता येतात. मिरवणुकीतून किंवा लग्नाच्या डीजेजवळून आल्यावर कान काही तास दडे बसल्यासारखे होतात, कुईं आवाज येत राहतो आणि सकाळी बरं वाटतं, तो हा भाग. पण तोच तळहात शेवयांवरून गेला की कटकट मोडतात, आणि मोडलेली शेवई कणकेत पुन्हा उभी राहत नाही. मुलांना एवढं मात्र स्पष्ट सांगावं की कानात असं काही हाताने दाबलं जात नाही. तिथे द्रव हलतो, तंतू केसाहून कितीतरी पट बारीक असतात, आणि 'केशपेशी' म्हणजे केस नव्हेत. ताटातलं चित्र फक्त मोडणं आणि वाकणं यातला फरक दाखवायला आहे.

किती आवाज किती वेळ चालेल, हे सांगायला आकडे फळ्यावर लिहिले तर मुलं ते उतरवून घेतात आणि विसरतात. चिंचोके वाटून बघा. प्रत्येक मुलाला 32 चिंचोके, हा दिवसाचा कोटा. 85 डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटं काढली की एक चिंचोका जातो, म्हणजे आठ तासांत कोटा संपतो. आवाज तीन डेसिबलने वाढला की किंमत दुप्पट : 88 ला दोन, 91 ला चार, 94 ला आठ, 97 ला सोळा, 100 ला बत्तीस. हा हिशेब अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या कामगारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या नियमावर बेतलेला आहे, आकडे तंतोतंत तेच. आता कार्डांवर प्रसंग लिहा आणि मुलांना दिवस जगायला लावा. ढोल-ताशा पथकाच्या मधोमध 100 डेसिबल सहज ओलांडले जातात. तिथे पाव तास उभं राहिलं की हातात एकही चिंचोका उरत नाही, आणि सराव तर रोज दोन-दोन तास चालतो. हे मुलांच्या लक्षात येतं त्या क्षणी वर्गात जी चर्चा सुरू होते ती शिक्षकाने मध्ये न पडता चालू द्यावी. पथकात वाजवणारी ताई-दादा मंडळी बहुतेकांच्या घरात, नाहीतर गल्लीत असतातच.

दोन गोष्टी इथे सांगायच्या राहू नयेत. तीन डेसिबल म्हणजे ऊर्जा दुप्पट, पण कानाला तो फरक अगदी किरकोळ वाटतो. म्हणूनच माणूस फसतो. दुसरं, 85 चा नियम कारखान्यातल्या प्रौढ कामगारांसाठी आहे, मुलांना दिलेली सूट नव्हे. जागतिक आरोग्य संघटना गाणी ऐकण्यासाठी मुलांना आठवड्याला 40 तास आणि 75 डेसिबल एवढीच मर्यादा सुचवते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी इथल्या शाळांमध्ये यंत्रमागाच्या खडखडाटात वाढणारी मुलं असतात. तिथे हा खेळ जपून खेळावा. घरच्या रोजीरोटीवर बोट ठेवल्यासारखं न होता, कानात घालायचे फोमचे बोळे कसे वापरायचे हे शिकवण्याकडे वळवावा.

आणि तेही शिकवावंच लागतं. नव्वद टक्के काम हातात असतं. बोळा बोटांत लाटून बारीक वळकटी करायची, दुसऱ्या बाजूचा हात डोक्यावरून घेऊन कान वर आणि मागे ओढायचा म्हणजे नळी सरळ होते, वळकटी आत सरकवायची आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायची. बाहेरून पूर्ण बोळा दिसत असेल तर तो नुसता शोभेचा. एकाचा बोळा दुसऱ्याने वापरायचा नाही. कापूस मात्र गोंगाटापासून जवळजवळ काहीच वाचवत नाही.

मोबाईलवर आवाज मोजणारी ॲप असतात, ती वापरावीत, पण तुलनेपुरती. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी केलेला असतो, मोठ्या आवाजात तो अडखळतो, आणि दोन अँड्रॉइड फोन शेजारी शेजारी ठेवले तर दोन आकडे दाखवतात. एकच फोन, कव्हर काढून, हात लांब करून, तीस सेकंद. सरासरी काढताना 80 आणि 90 ची 85 काढू नये, डेसिबलमध्ये ती 87.4 येते. नववीच्या मुलांना हे गणित करून दाखवता येतं.

आता जी कृती केल्याशिवाय हा पाठ अपुरा आहे तिच्याकडे. संगणकावर ऑडॅसिटी हा आवाज रेकॉर्ड करून बदलण्याचा मोफत प्रोग्राम घ्या. शांत खोलीत, एकाच आवाजात, शब्दांमध्ये चार सेकंदांची जागा सोडून दहा शब्द रेकॉर्ड करा : साप, ताप, काप, शाप, चाप, पाट, ताट, खाट, साठ, काठ. फायलीची प्रत काढून तिला लो-पास फिल्टर लावा, 1000 हर्ट्झ, उतार 48 डेसिबल. म्हणजे 1000 च्या वरचं जवळजवळ सगळं गेलं. फिल्टर लावल्यावर आवाज थोडा उतरतो, तो पुन्हा मूळ पातळीवर आणून ठेवा. हे विसरलं तर मुलं "आवाज बारीक आहे" म्हणतील आणि आपण पुन्हा कापसापाशी येऊ.

श्रुतलेखन म्हणून ही फाईल लावा. वर्गात आवाज भरपूर येतो. कोणीतरी बोलतंय, कुठल्या सुरात बोलतंय, शब्दात 'आ' आहे, सगळं कळतं, पण साप की ताप की काप, कळत नाही. मुलं हटकून म्हणतात, "सर, मोठा करा ना." करा मोठा, जरासा. तरी कळत नाही. इथे थांबा. मोठा आवाज कानात शिरतोय आणि शब्द हाती लागत नाही, हे मुलाने स्वतः अनुभवलं की शिक्षकाला वेगळं काही समजवावं लागत नाही. स्वरांची ताकद खालच्या सुरांत असते, ती शाबूत राहते. 'स', 'श', 'त', 'क' यांची ओळख 2000, 4000, 6000 हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात असते, आणि गोंगाटाने वा वयाने आधी मरतात त्या त्याच पट्ट्याच्या पेशी. गोंगाटाचा पहिला घाव बहुधा 4000 च्या आसपास दिसतो. म्हणून आजोबा म्हणतात, "तू बोलतोस ते ऐकू येतं, समजत नाही." ते खरं बोलत असतात. आणि ओरडून सांगितलं की तेच आजोबा "ओरडतोस कशाला?" म्हणून चिडतात, कारण आतल्या कानाच्या दोषात लहान आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा वाढवला की एकदम असह्य होतो. मधला सुखाचा पट्टा अरुंद झालेला असतो.

दुसऱ्या फेरीत पूर्ण वाक्यं लावा : "आईने ताटात भात वाढला." आता बहुतेकांना जमतं, कारण उरलेलं मन भरून काढतं. लगेच तिसरी फेरी, नुसते आकडे : सात, साठ, सदतीस, सदुसष्ट, एकोणसाठ, एकोणसत्तर. पुन्हा दाणादाण. आकड्यांना संदर्भ नसतो, अंदाज बांधायला जागा नसते. "पान सदुसष्ट काढा" असं तोंडी सांगून पुढे जाणाऱ्या शिक्षकाने ही फेरी स्वतः मुलांबरोबर बसून लिहावी. पान क्रमांक, तारीख, गृहपाठाचा आकडा आणि नवं नाव फळ्यावर लिहायचं, एवढा एक बदल झाला तरी कमी ऐकू येणाऱ्या मुलाचा दिवस बराच हलका होतो. दिवसभर असे अंदाज बांधत राहणं किती दमवणारं असतं, हेही तीन फेऱ्यांनंतर मुलांच्या चेहऱ्यावर दिसतं.

मग ओठ. एका मुलाला समोर उभं करून आवाज न काढता चार शब्द म्हणायला लावा : बाळ, माळ, पाळ, भाळ. कोणता कधी म्हटला ते वर्गाने ओळखायचं. ओळखता येत नाही, कारण प, ब, भ, म चारही वेळा ओठ तसेच मिटतात आणि तसेच उघडतात. क, ग, ह तर घशाच्या बाजूला होतात, बाहेर दिसतच नाहीत. ओठ वाचून सगळं कळतं ही समजूत इथे गळून पडते.

पण पाठ इथेच सोडला तर मुलं निराश होऊन जातील, आणि खरी गंमत तर पुढे आहे. आता फिल्टर लावलेला आवाज आणि बोलणाऱ्याचा चेहरा एकत्र द्या. मोबाईलवर व्हिडिओ काढून त्याच्या आवाजाला तोच फिल्टर लावता येतो. 'पाट' आणि 'काठ' कानाला सारखे होते, ओठ मिटले की 'पाट' कळतो. 'पाळ' आणि 'माळ' डोळ्यांना सारखे होते, पण 'म'चा नाकातला गुंजारव खालच्या सुरांत असतो, तो फिल्टरमधून वाचलेला आहे, तेवढ्याने फरक कळतो. कानाला जे मिळत नाही ते बरंचसं डोळ्यांना मिळतं, आणि उलटही. श्रवणयंत्र लावलेल्या मुलाला बोलणाऱ्याचा चेहरा का दिसायला हवा, याचं यापेक्षा पटणारं उत्तर नाही. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, खिडकीला पाठ करून उभं राहू नये कारण चेहरा काळा दिसतो, शब्द तोडून-ताणून बोलू नये कारण ओठांचा आकारच बदलतो. हे नियम आता मुलं स्वतःच सांगतात.

अंतराचाही एक छोटा प्रयोग मैदानावर करावा. एकाच आवाजात वाचन, फोन एक मीटरवर, मग दोन, मग चार. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात. वर्गात ते इतके कमी होत नाहीत, कारण भिंती आवाज परतवतात. पण परतलेला आवाज मूळ शब्दावर चढतो आणि तो पुसट करतो. त्यात पंख्याची घरघर आणि बाकं सरकवण्याचा कर्कश आवाज. पत्र्याच्या छताच्या वर्गात जुलैमध्ये काय होत असेल ते सांगायला नको. पुढचा बाक, पंख्यापासून दूर, दारापासून दूर, आणि बाकांच्या पायांना रबरी बुचं.

वर्गात श्रवणयंत्र वापरणारं मूल असेल तर या पाठाच्या दिवशी त्याला नमुना म्हणून उभं करू नये. आधी त्याला आणि आई-वडिलांना विचारावं. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल, नसेल तर नाही. दहा मिनिटं आवाज फिल्टर करून बहिरेपण कळत नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगायला हवं. ज्यांची पहिली भाषा खुणांची आहे त्यांचं जगणं म्हणजे फक्त उणीव नव्हे. शक्य असेल तर भारतीय सांकेतिक भाषा बोलणाऱ्या एखाद्या कर्णबधिर व्यक्तीलाच शिकवायला बोलवावं, आणि मानधन द्यावं. दोन्ही हातांनी आपलं नाव अक्षरी करायला मुलं तासाभरात शिकतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा 10,000 हून अधिक शब्दांचा शब्दकोश व्हिडिओरूपात मोफत बघता येतो. पण माणसाकडून शिकणं वेगळं, कारण चेहऱ्याचे भाव हे त्या भाषेच्या व्याकरणाचा भाग आहेत.

3 मार्च हा जागतिक श्रवण दिन असल्यामुळे शाळा हे सगळं मार्चमध्ये, परीक्षेच्या तोंडावर घाईघाईत उरकतात. माझं मत विचाराल तर ऑगस्ट जास्त योग्य, गणपतीच्या आधी. चिंचोक्यांचा हिशेब तेव्हा डोक्यात ताजा राहील.

शिक्षकांसाठी मात्र एक तपासणी रोजची आहे, आणि तिला दोन मिनिटं पुरतात. डॅनियल लिंग या श्रवणतज्ज्ञाने सुचवलेले सहा ध्वनी : आ, ई, ऊ, म्, श्, स्. खालच्या सुरांपासून वरच्या सुरांपर्यंत बोलण्याचा सगळा पट्टा या सहांत येतो. श्रवणयंत्र लावलेल्या मुलासमोर एक मीटरवर बसा. तोंडासमोर भरतकामाच्या रिंगमध्ये ताणलेलं पातळ काळं कापड धरा. हात किंवा वही धरू नका, त्याने 'स्' अडतो आणि दोष यंत्राच्या माथी जातो. ध्वनींचा क्रम रोज बदला, मधली विश्रांतीही कमी-जास्त करा, नाहीतर मूल तालावर उत्तरं देतं. त्याने ऐकलेला ध्वनी परत म्हणायचा. मग तीन मीटरवरून पुन्हा. काल येत होते ते सहाही ध्वनी आज येत नसतील तर आधी बॅटरी बघा. नव्या बॅटरीचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर उघडी ठेवूनच आत घालायची, तिला चालायला हवा लागते. लाल खुणेचं यंत्र उजव्या कानाचं, निळ्या खुणेचं डाव्या, अदलाबदल झाली नाही ना ते पाहा. पावसाळ्यात मोल्डच्या (कानात बसणाऱ्या, कानाच्या मापाच्या भागाच्या) नळीत घामाचा किंवा वाफेचा थेंब अडकतो, तो फुंकणीने काढायचा आणि रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायला घरी सांगायचं. यंत्र शिट्टी मारत असेल तर बहुधा मोल्ड सैल झालाय, मूल वाढतंय म्हणून तो बदलायला हवा. आणि बाकी सगळे ध्वनी नीट येऊन फक्त 'श्' आणि 'स्' सलग दोन दिवस निसटले तर वाट न बघता ऑडिऑलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) पाठवावं, त्या दोन दिवसांच्या नोंदीसह. मुंबईजवळच्यांना वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवण दोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, इतरांनी जिल्हा रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागापासून सुरुवात करावी.